सत्काराला उत्तर

आमच्या लोकांना एखाद्याला बाजूला सारायचं असलं की ते त्याचा सत्कार करतात. हातातला माइक काढून घ्यायचा आणि खांद्यावर शाल टाकायची. त्याच वेळी फोटो निघतो, म्हणून त्या माणसाला हसावंही लागतं. ऑकलंडला येऊन सोळा वर्षं झाली. आम्ही पोळ्या विकतच्या आणायला लागलो, आमची मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली, पण ही कला काही आम्ही विसरलो नाही. माझ्यावर तिचा प्रयोग झाला तो मागच्या एप्रिलमध्ये.

आमचं मंडळ महाराष्ट्रातून आलेल्या बौद्ध कुटुंबांचं. इंजिनियर, नर्स, कॉम्प्युटरवाले आणि माझ्यासारखे एकदोन फार्मासिस्ट. दर एप्रिलला माउंट रॉस्किलमध्ये हॉल घेऊन जयंती करतो आणि मुख्य भाषण आपल्यातल्याच कुणीतरी करायचं असा नियम आहे. नऊ वर्षं मी त्या हॉलचं बुकिंग केलं, किल्ली आणली, खुर्च्या लावून घेतल्या. भाषण कधी मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं, आणि कमिटीने दिलंही. मी मागितलं ते बाबा आले होते म्हणून.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे. जालन्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली. आसपासच्या गावांत जयंतीला त्यांचंच भाषण असायचं. धाकटी बहीण स्टेजवर गाणं म्हणायची आणि मला ते पुढच्या सतरंजीवर बसवायचे. तू खालून ऐक, तुला चांगलं कळतं, असं म्हणायचे. मला त्यात मोठा मान वाटायचा. मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. उजव्या पायाला कमरेपासून बुटापर्यंत कॅलिपर आहे आणि हातात काठी. आता एकदा बाबांनी खाली बसावं आणि मी वरून बोलावं, एवढंच मला हवं होतं. त्यांच्या सहा महिन्यांच्या व्हिसातला शेवटचा महिना चालू होता. पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

लोक माझ्याकडे कसे बघतात याचा माझा अभ्यास चव्वेचाळीस वर्षांचा आहे. मी हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत काम करते. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांच्या मात्रा तपासते, चुकीची असेल तर फोन करून बदलून घेते. त्याबद्दल कुणी पाठ थोपटल्याचं आठवत नाही. पण खिडकीपर्यंत चालत गेले की पेशंट म्हणतात, "गुड ऑन यू." इथली गोरी माणसं प्रेमळ आहेत, दार धरून ठेवतात. मी वीस पावलं लांब असले तरी धरून ठेवतात, आणि मग त्यांना ताटकळायला नको म्हणून मला घाई करावी लागते.

बाबांना घेऊन एकदा माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये गेले होते. कॅफेतल्या मुलीने माझी काठी बघितली आणि मला सोडून बाबांना विचारलं, ती काय घेणार? बाबांना थँक्यू सोडून इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी प्रसन्न चेहऱ्याने मान हलवली. मुलीलाही तेवढं पुरलं. तिने मला लहान पोरांना देतात तसं हॉट चॉकलेट दिलं, वर दोन मार्शमेलो. घरी येऊन मी हसत हसत ही गोष्ट सांगितली, तर बाबा म्हणाले, पोरगी चांगली होती. त्यांना काही खटकलंच नव्हतं. परक्या मुलखात आपल्याला कुणीतरी मुलीचा बाप म्हणून विचारलं, याने ते सुखावले होते.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. पाचवीत मराठीला मला बाबाच होते. एकदा त्यांनी म्हणींचा धडा घेतला आणि पुस्तकातल्या सगळ्या म्हणी ओळीने फळ्यावर लिहिल्या. फक्त 'वासरात लंगडी गाय शहाणी' तेवढी गाळली. पोरांच्या हातात पुस्तकं होतीच. सगळ्या वर्गाने पुस्तकात बघितलं, मग फळ्यावर, मग माझ्याकडे. लिहिली असती तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत मी गायच होते.

कार्यक्रमाला दोन आठवडे उरले असताना अध्यक्षांचा फोन आला. ते ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात मॅनेजर आहेत. माणूस सरळ, कामाला वाघ, आणि मला ताई म्हणतो. आधी माझ्या तब्येतीची चौकशी झाली, मग बाबांच्या, मग हवेची. इतकं झाल्यावर कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं. म्हणाले, कमिटीत थोडा विचार झाला. स्टेजला तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही. अर्धा तास उभं राहायचं म्हणजे तुम्हाला त्रास. तेव्हा मुख्य भाषण एक डॉक्टर करतील, हृदयाची काळजी या विषयावर, आणि दिव्यांग भगिनी म्हणून तुमचा सत्कार करू. मी म्हटलं, खुर्ची दिलीत तर बसूनही बोलता येतं. तेव्हा ते अगदी मनापासून बोलले.

"ताई, तुम्हाला बोलायची गरजच नाही. तुमच्याकडे नुसतं बघून लोकांना प्रेरणा मिळते."

तोंडात आलेली शिवी मी गिळली आणि सत्काराला हो म्हटलं. मुकाट्याने म्हटलं नाही, हिशेबाने म्हटलं. सत्कार झाला की सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे असतात, सत्काराला उत्तर म्हणतात त्याला, आणि ते कुणाला नाकारता येत नाही. दोन शब्दांचे किती करायचे हे ज्याच्या हातात माइक असतो तो ठरवतो.

जेवताना घरात सांगितलं. मुलगी चौदा वर्षांची आहे. तिने विचारलं, दिव्यांग म्हणजे काय. मी म्हटलं, ज्याचं अंग दिव्य आहे, देवाचं आहे, तो. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"सो व्हिच बिट इज डिव्हाइन?"

मी ठसका लागेपर्यंत हसले. नवरा हसला. बाबांना अर्थ सांगितला तर ते हसले नाहीत. शब्द चांगला आहे म्हणाले. सरकारने काढलाय, शुद्ध आहे, पूर्वी पांगळे म्हणायचे, मग अपंग, त्यापेक्षा किती तरी बरा. मी म्हटलं, मला पोलिओ झाला होता एवढं म्हटलं तरी भागतं की. ते ताटातली भाजी चिवडत राहिले. पुढच्या आठवड्यात ते रोज सकाळी वही घेऊन खिडकीशी बसायचे. आत्मचरित्र लिहीत असतील असं मला वाटलं. निवृत्त शिक्षकाला दुसरं काय सुचणार.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. नवरा नर्स आहे, त्याची ड्यूटी होती, म्हणून मी, बाबा आणि मुलगी असे तिघे गेलो. जमिनीवर बॅडमिंटनच्या पट्ट्या मारलेला हॉल, स्टेजवर निळ्या कोटातला फोटो, हार, मेणबत्त्या, आणि मागच्या टेबलावर घराघरांतून आलेले डबे. मी पांढरी साडी नेसले होते. बाबा पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत. पंचशील झालं, मुलांची गाणी झाली, आणि मग माझा सत्कार. मला वर जायला नको म्हणून अख्खी कमिटी स्टेजवरून खाली उतरली. शाल पडली, मी हसले, फोटो निघाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अजून मी काहीच केलं नव्हतं.

मग अध्यक्षांनी मानपत्र वाचायला घेतलं. फ्रेम केलेलं, सोनेरी किनारीचं. नियतीने बालपणीच पंख छाटले, वगैरे वगैरे. मी मनातल्या मनात माझ्या भाषणाची जुळवाजुळव करत होते, अर्धंच ऐकत होते. तेवढ्यात वाक्य आलं, "परिस्थितीच्या छाताडावर पाय रोवून उभी राहिलेली ही दिव्यांग कन्या." हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुठला पाय, असं कुणाच्याही मनात आलं नाही. माझी जुळवाजुळव मात्र तिथेच थांबली. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबांच्या प्रत्येक भाषणात कुणी ना कुणी परिस्थितीच्या छाताडावर पाय रोवायचंच. मी त्यांच्याकडे बघितलं. अध्यक्ष वाचत होते आणि बाबांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

मला तेव्हा जे वाटलं ते सांगते. रडू आलं नाही, राग आला, आणि असा राग मला आजवर शाळेतल्या पोरांचाही आला नव्हता. परक्यांनी मला बघण्याची वस्तू केली तर मी समजू शकते, त्यांना दुसरं काही माहीत नसतं. या माणसाने मला मुळाक्षरं शिकवली होती.

मी माइक मागितला. इथूनच बोला, असं अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, वरून बोलणार. दोघंजण माझ्या काखेत हात घालायला धावले, त्यांना बाजूला केलं. काठी वर, मग डावा पाय, मग कॅलिपरचा खटका सांभाळत उजवा पाय ओढून घ्यायचा. असं तीनदा. एवढा वेळ हॉलमध्ये चिडीचूप शांतता होती. मी घरी रोज चार पायऱ्या चढते आणि हातात पिशवीही असते.

मी आधी बाबांचीच गोष्ट सांगितली. तरुणपणी ते एका शाळेत नवे होते, तपासणीला साहेब आले होते. हेडमास्तरांनी त्यांची ओळख करून दिली, हे आमचे हरिजन गुरुजी. बाबा म्हणाले, "मला आडनाव आहे. ते उच्चारून तुमची जीभ विटाळत असेल तर नुसतं गुरुजी म्हणा." महिन्याभरात त्यांची बदली झाली, पण शाळेच्या रजिस्टरमध्येही त्यांच्या नावापुढे तोच शब्द होता, तो त्यांनी जाण्याआधी खोडायला लावला. ते समोर बसलेत, असं मी म्हटलं आणि लोकांनी माना वळवल्या. बाबा खुर्चीत ताठ झाले. त्यांचा चेहरा असा उजळला की त्या क्षणी मी थांबले असते तर तो दिवस आमच्या दोघांच्याही आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस झाला असता.

मी थांबले नाही.

"ज्यांनी आपल्याला घोटभर पाणी दिलं नाही, त्यांनी आपल्याला देवाची माणसं म्हटलं," मी म्हणाले. "तो शब्द आपण त्यांच्या तोंडावर फेकला. आणि आज याच फोटोखाली तुम्ही माझं अंग देवाचं करून टाकलंत. का, तर मला तीन पायऱ्या चढू द्यायच्या नाहीत. ज्यांनी तो शब्द रजिस्टरमधून खोडायला लावला, त्यांनीच हा शब्द माझ्या मानपत्रात लिहिलाय. बाबा, मला नाव आहे. ते घ्या."

बाबांचं नाव त्यात ओढायची काही गरज नव्हती. मानपत्र कुणी लिहिलं हे कमिटीतल्या दोघातिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी ते भर सभेत सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना गोड लागलं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा चेहरा उतरताना मी बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

टाळ्या वाजल्या नाहीत. मी काठी टेकत खाली उतरले, तेव्हा हात द्यायलाही कुणी आलं नाही. त्या दृष्टीने भाषण यशस्वी झालं म्हणायचं. डॉक्टर हृदयाच्या काळजीवर बोलले, मग डबे उघडले. भाताच्या रांगेत एकीने मला ऐकवलं की बाबांच्या वयाचा तरी विचार करायचा होता. ते मला पटलं. पण तिच्या मागची दुसरीला हळूच म्हणाली, पायाचा राग आहे गं तो, अशा लोकांचं असंच असतं. माझा तोंडाळपणा आईकडून आलाय. आईचे दोन्ही पाय धड होते आणि तिला सगळी गल्ली घाबरायची. पण माझा रागसुद्धा माझा नाही, तोही पायाचाच, हे त्या दोघींनी वरण वाढून घेईपर्यंत ठरवून टाकलं होतं. मी न जेवता निघाले.

गाडीत मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "मम्मी, दॅट वॉज सो मीन." बाबा माझ्या शेजारी होते, मांडीवर मानपत्राची फ्रेम, त्यावर दोन्ही हात. माझ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर डाव्या पायाला बसवून घेतलाय. एरवी बाबा सगळी वाट तिकडेच भीतीने बघत असतात. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत होते. घराजवळच्या डेअरीपाशी मी गाडी थांबवली आणि मुलीला दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं. मला वाटलं, ती नसताना बाबा मला शिव्या तरी देतील.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, "नाव घ्या म्हणालीस. तुझं नाव मीच ठेवलंय. पण लांबून कधी हाक मारली नाही मी तुला. आठवून बघ."

मी आठवून बघितलं. खरं होतं. बहिणीला ते शाळेतून येतानाच फाटकातून हाक मारायचे, ती धावत जायची. माझ्याकडे ते स्वतः यायचे. मी ओसरीवर असो, मागच्या न्हाणीपाशी असो, चपला काढून तिथवर यायचे, उकिडवे बसायचे आणि मग बोलायचे. ही गोष्ट मी लग्न ठरताना नवऱ्याला सांगितली होती. मुलीला कितीदा तरी सांगितली होती. माझ्या बापाने मला कधी उठायला लावलं नाही, असं मी अभिमानाने सांगायचे.

"हाक मारली असती तर तू आली असतीस," बाबा म्हणाले. "चालत. ते मला बघवायचं नाही, बाई."

आवाजात काही नव्हतं. न रडणं, न क्षमा मागणं. व्याकरणाचा नियम सांगावा तसं सांगितलं. मी विचारलं, आज पायऱ्या चढत होते तेव्हा? ते म्हणाले, खाली बघत होतो. माइकवर तुझा आवाज आला तेव्हा मान वर केली. भाषण चांगलं झालं, उच्चार स्वच्छ होते, असंही म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. ज्या कौतुकासाठी मी एवढा आटापिटा केला ते असं, डेअरीच्या दारात, हातात आलं.

डेअरीच्या काचेतून मुलगी दिसत होती. काउंटरवरच्या काकांशी गप्पा मारत होती, तिला काही घाई नव्हती. मी विचारलं,

"बाबा, तुम्ही मला चालताना शेवटचं कधी बघितलंत?"

टाळतील असं वाटलं होतं, पण ते प्रामाणिक माणूस. त्यांनी फ्रेमवरचे हात उचलून मांडीवर घेतले, डोळे बारीक केले आणि आठवायला लागले. मुलगी दूध घेऊन आली, मागे बसली, तिने पट्टा लावला, तरी त्यांना आठवलं नव्हतं.